एक्सल दुकानातच तुटतो

"करंट वाढव, आतपर्यंत घुसव, मग हलणार नाही." उसाचा हंगाम लागला की राणीसावरगावच्या वेल्डिंग दुकानांत हे वाक्य रोज कानावर येतं आणि दरवेळी माझं टाळकं सणकतं. करंट वाढवून पोलाद ऐकत नाही. ते आधी तापवावं लागतं. किती तापवायचं हे ज्याला ठरवता येत नाही, तो वेल्डर नव्हे. ठिणग्या उडवणारा माणूस.

अँगल-पट्टीचं पातळ, साधं लोखंड खुशाल थंड जोडा. उसाच्या ट्रॉलीचा एक्सल वेगळा. पोलाद ईएन-8 जातीचं असेल तर कार्बन 0.40 टक्के, मँगनीज 0.80 च्या आसपास. मँगनीजला सहाने भागून कार्बनमध्ये मिळवा: 0.53. ईएन-19 मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम पाचाने भागून मिळवले की आकडा 0.78 वर जातो. हा आकडा जितका मोठा, तितकं जोडण्याआधी जास्त तापवायचं: पहिल्याला साधारण 150 ते 250 अंश, दुसऱ्याला 200 ते 300. जाडी वाढली की तापमानही वाढवा, कारण जाड लोखंड सांध्याची उष्णता झटक्यात ओढून घेतं. सांध्याची कड कडक, ठिसूळ होते, ओल्या रॉडमधला हायड्रोजन तिच्यात मुरतो आणि तडा जातो. कधी कधी 48 तासांनी, म्हणजे गिऱ्हाईक पैसे देऊन गेल्यावर.

असा एक एक्सल मी हातात धरून पाहिलाय. वेल्ड चकचकीत, माशाच्या खवल्यांसारखा. अन् त्याला चिकटून केसाएवढी काळी रेघ. असल्या रेघेवर टनांनी ऊस लादायचा आणि वर तोडणीवाली लेकुरवाळी बाई बसवायची?

ही चूक फक्त खेड्यातली नाही. मेलबर्नचा किंग्स ब्रिज 10 जुलै 1962 ला, तिकडच्या थंडीच्या सकाळी, 45 टनांच्या वाहनाखाली खचला. पूल जेमतेम सव्वा वर्षाचा. तडे वेल्डिंगच्या वेळीच गेलेले होते.

आपल्याकडचं कारण ठरलेलं: "वेळ नाही." खोटं! गॅसचा टॉर्च दुकानात आहेच. रेडिओवाल्याकडची सोल्डरची तार आणा. सांध्यापासून चार बोटं दूर टेकवा. वितळली की 180 च्या वर गेलात. रॉड कमी हायड्रोजनचा, भट्टीत वाळवलेला घ्या. नंतर सांधा कोरड्या राखेत झाकून हळूहळू निवू द्या.

आणि गिऱ्हाईकहो, खरं तर नवाच एक्सल टाका. जोडायचाच असेल, तर आधी विचारा: किती अंशावर तापवणार? उत्तर आकड्यात आलं नाही, तर एक्सल उचला आणि दुसरं दुकान गाठा.