भूल उतरते, नळी राहते

स्मरणिकेच्या संपादकांनी या वर्षी माझ्याकडे भूलशास्त्रातील नव्या औषधांवर लेख मागितला होता. त्या विषयावर माझ्यापेक्षा तरुण सहकारी अधिक अधिकाराने लिहितील. मला लिहायचे आहे ते एका जुन्या आणि तशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीविषयी : मूत्रवाहिनीत तात्पुरती म्हणून ठेवलेली आणि काढायची राहून गेलेली नळी. हा विषय मूत्ररोगतज्ज्ञांचा, भूलतज्ज्ञाने त्यात नाक कशाला खुपसावे, असे काही सन्मित्रांना वाटेल. माझे म्हणणे नेमके उलट आहे. ही नळी विसरली जाण्यात भूल देणाऱ्याचाही हात असतो, आणि म्हणून ती लक्षात ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

स्मरणिका डॉक्टरांच्या घरची मंडळीही आवडीने वाचतात, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. मूत्रपिंडातून मूत्राशयात मूत्र आणणारी मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटीमीटर लांब आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. तिच्यात खडा अडकला की काय यातना होतात, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. आता तो खडा पोट न फाडता, मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण आत सरकवून फोडता येतो. या खटपटीत वाहिनीला आतून सूज येते. सुजेने मार्ग बंद होऊन मूत्र तुंबू नये, म्हणून शस्त्रक्रियेच्या शेवटी एक लवचीक नळी आत ठेवतात. तिचे एक टोक मूत्रपिंडात आणि दुसरे मूत्राशयात वळलेले असते. झिमस्किंड यांनी अशी सिलिकॉनची नळी दुर्बिणीतून बसवल्याचे १९६७ साली नोंदवले. पण सरळ नळी जागची हलत असे. १९७८ मध्ये फिनी यांनी दोन्ही टोकांना इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखे वळण दिले आणि ‘डबल जे’, म्हणजेच आपला रोजच्या बोलण्यातला ‘डी. जे. स्टेंट’, रूढ झाला. उपकरण म्हणाल तर अत्यंत उपकारक. किती मूत्रपिंडे त्याने वाचवली असतील याची गणती नाही.

परंतु ही नळी पाहुणी आहे. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत तिने निघाले पाहिजे. मूत्रातील क्षार तिच्यावर बसू लागतात, जंतूंचा पातळ थर त्यांना चिकटायला जागा करून देतो, आणि जी नळी खडा काढल्यानंतर ठेवली तिच्यावरच नवा खडा वाढतो. अल-फकीह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुतखड्याच्या रुग्णांमधील अशा नळ्यांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी ९.२ टक्के, सहा ते बारा आठवड्यांत काढलेल्यांपैकी ४७.५ टक्के, आणि त्याहून अधिक काळ राहिलेल्यांपैकी ७६.३ टक्के नळ्यांवर क्षारांचा थर आढळला. वेळेवर आलेल्या रुग्णाची नळी जेलीने जागा बधिर करून पाच-दहा मिनिटांत निघते. त्यासाठी माझी गरजही लागत नाही. माझी गरज लागते ती वेळ टळल्यावर.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहायला बसलो तो सांगतो. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातल्या बाई २०२३ च्या उन्हाळ्यात एका रुग्णालयात दाखल झाल्या. वय पन्नाशीच्या आसपास; ताप, थंडी, उजव्या कुशीत दुखणे. क्ष-किरण चित्रात नळी स्वच्छ दिसत होती. मूत्राशयातल्या टोकावर लिंबाएवढा खडा, वरच्या टोकावर दुसरा, आणि मधल्या भागावर चुन्याचे लिंपण. बाईंच्या दिराने पिशवीतून जुने डिस्चार्ज कार्ड काढले. त्यावर इंग्रजीत एकच ओळ होती : ‘डी. जे. स्टेंट इन सिटू, रिव्ह्यू आफ्टर थ्री वीक्स.’ तारीख २०१७ च्या ऑगस्टमधली. आणि खाली भूलतज्ज्ञ म्हणून माझे नाव.

मी घरी येऊन जुनी नोंदवही काढली. मणक्यातून दिलेली भूल, गुंगीसाठी दोन मिलिग्रॅम मिडॅझोलाम, शस्त्रक्रिया पंचावन्न मिनिटे, रुग्णाची स्थिती उत्तम. कागदोपत्री माझ्या कामात काहीही उणे नव्हते. त्या दिवशी शल्यविशारदांना पुढच्या गावी जायचे होते. त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या दिराला खडा दाखवला आणि “आत नळी आहे, नंतर या” असे सांगितले. बाईंना मीच सांगितले असणार, कारण टेबलावरून हलवताना रुग्णाशी दोन शब्द बोलण्याची माझी सवय आहे. बाईंनी मानही डोलावली असेल. सहा वर्षांनी त्या मला म्हणाल्या, “खडा काढला म्हणून सांगितलं हो डॉक्टर. नळीचं कुणी काय बोललं नाही बघा.”

त्या खोटे बोलत नव्हत्या. मिडॅझोलाम दिल्यानंतर रुग्ण डोळे उघडतो, प्रश्नांना उत्तरे देतो, होकारही भरतो; पण त्या वेळचे काही त्याच्या स्मरणात साठत नाही. टेबलावरचे क्षण रुग्णाला आठवू नयेत म्हणूनच तर आपण हे औषध देतो! आणि मग त्याच अवस्थेत त्याला आयुष्यभर उपयोगी पडणारी सूचना देतो आणि ‘रुग्णास समजावून सांगितले’ असे लिहून मोकळे होतो. आपल्या भाषेत शुद्ध हरपवण्यालाही भूल म्हणतात आणि चुकीलाही. इतकी वर्षे हा योगायोग मला गमतीचा वाटत आला होता.

पुढची हकीकत थोडक्यात. पाठीतून नळी घालून तुंबलेले मूत्र बाहेर काढले, संसर्ग आटोक्यात आणला, पाच आठवडे वाट पाहिली. रेनोग्रॅममध्ये उजव्या मूत्रपिंडाचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आला. मूत्राशयातला खडा फोडून ते मूत्रपिंड काढावे लागले. त्या दिवशीही भूल मीच दिली. साडेतीन तास लागले. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. त्यांनी तक्रार केली नाही, जाताना नमस्कारही केला. तो नमस्कार घेणे मला जड गेले.

मधल्या सहा वर्षांत त्यांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. त्या वारंवार ‘उन्हाळी लागली’ म्हणून गावाजवळच्या दवाखान्यात जात. धने-जिऱ्याचे पाणी, पाच दिवसांच्या गोळ्या, की आराम. नळीचा त्रास रुग्णाला होतोच. हृषी जोशी आणि सहकाऱ्यांच्या ब्रिटनमधील अभ्यासात नळी असलेल्या सुमारे पाचांपैकी चार रुग्णांना दैनंदिन कामात अडथळा येईल इतक्या वेदना होत असल्याचे दिसले होते. पण खेड्यातली बाई सहन करते, आणि सवय झाली की सांगायचीही थांबते. आपल्या संस्थेत कुटुंबवैद्यांची संख्या मोठी आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : पुन्हा पुन्हा जळजळीची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाला ‘पूर्वी खड्याची शस्त्रक्रिया झाली होती का, आणि नळी काढली का?’ एवढे विचारा. उत्तर गोंधळाचे आले तर पोटाचा एक साधा एक्स-रे काढा. नळी लपून राहत नाही.

दुसरा एक घोळ ‘स्टेंट’ या शब्दाने केला आहे. हृदयविकाराच्या उपचारांमुळे हा शब्द आता घरोघरी पोहोचला. ‘अमक्याला स्टेंट बसवला’ म्हणजे तो जन्मभरासाठी बसवला, हे सर्वांना माहीत झाले. मग मूत्रवाहिनीत स्टेंट आहे म्हटल्यावर रुग्ण निर्धास्त होतो. एका निवृत्त शिक्षकांनी मला अभिमानाने सांगितले होते की त्यांना दोन स्टेंट आहेत, एक वर आणि एक खाली! खालचा चौदा महिन्यांचा झाला होता. म्हणून माझे मत असे की, रुग्णाशी बोलताना स्टेंट हा शब्द टाळावा आणि ‘काढायची नळी’ असे म्हणावे. नावातच काम सांगितलेले बरे.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात नाजूक आहे, तरी टाळता येत नाही. बेळगावात रुग्ण मराठी बोलतो, कानडी बोलतो, कोकणी किंवा उर्दू बोलतो. चंदगडकडून येणारा तर दुसऱ्या राज्यातून येतो. आणि आपले कार्ड इंग्रजीत असते. यात कोणाचा अभिमान दुखावण्याचे कारण नाही. कार्डाच्या एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस कन्नड छापण्यास असा कितीसा खर्च येतो?

नातेवाइकाला सांगितले की झाले, ही समजूतही आता सोडली पाहिजे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिलेला निकाल डॉक्टरांना माहीत असतो, पण तो आपण केवळ संमतिपत्रापुरता वाचतो. त्या प्रकरणात केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या रुग्ण स्त्रीची मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि तिच्यासाठी संमती घेतली गेली ती बाहेर बसलेल्या आईची. सज्ञान रुग्ण तात्पुरता बेशुद्ध आहे एवढ्यावरून त्याच्या वतीने दुसऱ्याने दिलेली संमती चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. नळीचा प्रश्न संमतीचा नाही, हे मला मान्य आहे. पण रुग्णाची भूल उतरण्याची वाट न पाहता बाहेरच्या माणसाशी बोलून कर्तव्य संपवण्याची जी सवय आहे, ती दोन्हीकडे एकच.

मग उपाय काय? जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी २००८ पासून आपल्यापुढे आहे. रुग्ण टेबलावरून हलण्यापूर्वी परिचारिका गॉज, सुया, उपकरणे मोजते. चुकून आत राहिलेली वस्तू या मोजणीत सापडते. मुद्दाम ठेवलेली वस्तू कोण मोजणार? त्याच यादीच्या शेवटी शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका या तिघांनी रुग्णाच्या पुढील देखभालीतील महत्त्वाच्या बाबी बोलून घ्याव्यात, असे कलम आहे. तेथे भूलतज्ज्ञाने मोठ्याने विचारावे : “नळी ठेवली आहे का? काढायची तारीख कोणती?” ‘तीन आठवड्यांनी’ असे उत्तर घेऊ नये. तारीख घ्यावी, आणि ती भूलपत्रकावर लिहावी.

नोंदवही ठेवली तर फरक पडतो याला पुरावा आहे, आणि तो आपल्यासारख्याच मुलखातला आहे. कराचीच्या आगा खान विद्यापीठ रुग्णालयातील अथर, तलाटी आणि बियाबानी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात संगणकावर नळ्यांची नोंद ठेवण्याचा अनुभव मांडला. मुदत उलटून गेलेल्या नळ्यांचे प्रमाण एका वर्षात १२.५ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले. पाव शतकापूर्वी, आजच्यासारखे मोबाइल हाताशी नसताना हे साधले. आज ज्यांच्या खिशात दोन-दोन फोन आहेत त्यांना हे का साधू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

मूत्ररोगतज्ज्ञ मित्रांना आणखी एक गोष्ट सुचवण्याचे धाडस करतो. प्रत्येक रुग्णाला नळी हवीच असे नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मूत्रवाहिनीला इजा झालेली नसेल, ती कोठे अरुंद नसेल, दुसरे मूत्रपिंड चांगले असेल, मूत्रपिंडाचे कार्य घटलेले नसेल आणि पुन्हा दुर्बीण घालण्याचा बेत नसेल, तर नळी न ठेवण्याचा विचार करता येतो. दुर्बिणीच्या टोकाला काय दिसले ते मला उशाशी बसून कळत नाही, निर्णय त्यांचाच. परंतु ‘सवयीने ठेवली’ आणि ‘गरजेने ठेवली’ यांतला फरक मला त्यांच्या स्वरावरून कळतो. कधी कधी दोरा बांधलेली नळी ठेवून ती थोड्या दिवसांत बाहेरूनच ओढून काढता येते, तोही मार्ग आहे. ती अवेळी निसटण्याचा धोका त्यात आहे, हे खरे.

हे सर्व एका वरिष्ठ मित्राला सांगितले तेव्हा ते म्हणाले, “रुग्ण सज्ञान आहे, तीन आठवड्यांनी यायला सांगितले, तो आला नाही, दोष कोणाचा?” या प्रश्नात तथ्य आहे. सांगूनही न येणारे रुग्ण असतात. पैशाची चणचण असते, पेरणी असते, घरात लग्न असते, काही जण कामाला गोव्याला किंवा पुण्याला जातात आणि फोन नंबर बदलतो. पण ‘सांगितले’ हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. शुद्धीवर असलेल्या माणसाला, त्याच्या भाषेत, त्याच्याकडून परत वदवून घेऊन सांगितले असेल, तर मी मित्राच्या बाजूने उभा राहीन. तसे सांगितलेले मी माझ्या कारकिर्दीत फार थोड्या वेळा पाहिले आहे, आणि न सांगणाऱ्यांत मीही होतो.

संस्थेने असे द्विभाषिक कार्ड छापून सर्व रुग्णालयांना द्यावे, असा प्रस्ताव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. मजकूर पाचच ओळींचा : तुमच्या शरीरात काढायची नळी आहे, ती या तारखेला काढायची आहे, तोपर्यंत लघवीला थोडी जळजळ होईल, ताप आला तर लगेच यावे, हे कार्ड प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे.

दरम्यान, २०२३ पासून मी माझ्या नोंदवहीत एक रकाना वाढवला आहे. नळी निघाल्याचे कळले की त्यात खूण करतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उरलेल्यांना फोन लावतो. हा लेख लिहिताना सात नावांपुढे खूण व्हायची आहे. त्यांपैकी दोघांचे फोन लागत नाहीत. एक नंदगडचे आहेत, दुसरे निपाणीचे. त्या बाजूला दवाखाना असलेल्या कोणा सभासदाने मला संपर्क केला, तर नावे कळवीन.