महाराणी आणि होळीचं पाणी

टीव्हीवर 'सडक' लागला की आमच्या घरी कुणीतरी हमखास म्हणतं, "हा आपला नगरचा बरं का!" मग महाराणीचं कौतुक, 'अर्धसत्य'मधल्या (१९८३) रामा शेट्टीचं कौतुक. दोन्ही भूमिकांना फिल्मफेअर मिळालं, कौतुक व्हायलाच हवं. पण सदाशिव अमरापूरकर म्हणजे एवढंच?

मला नाही पटत. मार्च २०१३ आठवा. राज्यात भीषण दुष्काळ आणि मुंबईत वर्सोव्याला होळीचा 'रेन डान्स'! बासष्ट वर्षांचा हा माणूस 'पाणी वाया घालवू नका' म्हणायला गेला, तर लोकांनी त्यालाच मारलं. पडद्यावर आयुष्यभर खलनायक रंगवला, आणि खऱ्या खलनायकांची नावंसुद्धा आज कुणाला आठवत नाहीत.

"आमच्या पैशाचं पाणी, तुम्हाला काय?" हे मी नातेवाइकांच्या तोंडूनही ऐकलंय. त्यांनी एकदा हिवरे बाजारला जावं. तिथे आधी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पीक ठरतं. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. स्वतःच्या रानात, स्वतःच्या पैशानेसुद्धा नाही! तिथलं शाळकरी पोरही सांगेल अमरापूरकर का चिडले ते.

३ नोव्हेंबर २०१४ ला ते गेले, तेव्हा पुन्हा महाराणीच आठवली सगळ्यांना. असो.

गेल्या होळीला आपल्याच गच्चीवर पाइप कुणी सोडला होता, ते इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याला कळलं असेलच.