तासाभराचं काम, पंधरा दिवसांची जबाबदारी

आमच्या चिखलीहून पुण्यातल्या पोरांना फोन यायचे ते नोकरीसाठी, नाहीतर दवाखान्यातल्या ओळखीसाठी. आता त्यात एक नवा प्रश्न आलाय. "तिकडं ऑपरेशन न करता चेहऱ्याची कातडी वर ओढून देतात म्हणे, एका दिवसात होऊन परत येता येईल का?" विचारणाऱ्यांत काकू-मावश्या आहेत, तशा आपल्याच वयाच्या पगारदार मुलीही. मुलंही विचारतात, फक्त 'मित्रासाठी' म्हणून. माझं मत सरळ आहे : करायचं तर करा, पण हा 'एका दिवसात परत'चा हिशोब धोक्याचा आहे.

"दिसण्याचं काय एवढं!" असं आपण चटकन म्हणतो. पण २०२४च्या अखेरीपासून आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत, लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळले. तरुण मुलामुलींचं शिक्षण आणि ठरलेली लग्नं, दोन्हींत त्यामुळे अडथळे आले. दिसण्याची किंमत समाज अशी वसूल करतो आणि कुणी चेहरा सुधारायला निघालं की हसतोही. तेव्हा उपदेश नको, माहिती घेऊ.

थ्रेड लिफ्टमध्ये बारीक काटे असलेले, विरघळणारे धागे सुईने कातडीखाली सरकवून गाल ओढून धरतात. पीडीओ जातीचा धागा साधारण सहा महिन्यांत विरघळतो आणि परिणामही हळूहळू ओसरतो. हायफू म्हणजे अल्ट्रासाउंड कातडीखाली ३ ते ४.५ मिलिमीटरवर एका बिंदूत एकवटून तो भाग ६० अंशांच्या वर तापवायचा. तिथलं कोलॅजन आकसतं आणि जखम भरताना नवीन तयार होतं. याला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे हळदीच्या आदल्या आठवड्यात केलेलं हायफू लग्नाच्या फोटोत दिसणार नाही. दोन्हींचा उपयोग थोड्याशा सैल कातडीला. गळ्याशी चांगलीच लोंबायला लागली असेल तर ते सर्जनचंच काम.

आता मुख्य मुद्दा. काम तासाभरात उरकतं, पण बिघाड तेवढ्यात दिसेलच असं नाही. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करून गावाची गाडी पकडू नये, हे सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको! धाग्याने गालावर खळगा पडणं, टोक बाहेर येणं, जंतुसंसर्ग होणं, हे सगळं नंतर कळू शकतं. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते काही तासांच्या आत मिळायला हवं. तेच तास रातराणीत गेले तर? आणि सुईने आत उष्णता सोडणाऱ्या रेडिओफ्रीक्वेन्सी मायक्रोनीडलिंगबद्दल तर अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२५मध्ये इशारा दिलाय : भाजणं, व्रण, चरबी झिजणं, नसांना इजा.

क्लिनिकच्या समोरच्या सोसायटीत राहणारा माणूस दुपारी करून घेऊन संध्याकाळी परत दाखवायला जाऊ शकतो. चिखलीच्या माणसाला ते जमत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा : सुई कुणाच्या हातात असणार, त्वचारोगतज्ज्ञाच्या, प्लास्टिक सर्जनच्या की दोन दिवसांचा कोर्स केलेल्या कुणाच्या? धाग्याचं वा फिलरचं लेबल माझ्या फाइलला लावणार का? रात्री दोनला दुखलं तर फोन कोण उचलणार? फिलर विरघळवणारं औषध इथे ठेवलंय का? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या, मग सवलत पन्नास टक्के का असेना. आणि उत्तरं पटली तरी पुढचे पंधरा दिवस जवळपास राहायची सोय करूनच तारीख घ्या.

तिशीच्या आतल्यांसाठी आणखी एक. २०१२मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं खिडकीतून एकाच गालावर ऊन पडल्याने त्याची तेवढीच बाजू सुरकुतली होती, दुसरी बरीच ठीक. विदर्भातलं ऊन आपल्या दोन्ही गालांवर पडतं. पुण्यातल्या स्कूटीवरच्या स्कार्फवाल्या मुलींना आपण खूप हसलो, पण त्या बरोबर होत्या. स्कार्फ, सनस्क्रीन आणि सिगारेट सोडणं, यांसाठी पुण्याला यावं लागत नाही.