पहिल्या रांगेत बसलेला माणूस

गेल्या डिसेंबरात आमच्या बड्या खान्याला दोन तरुण कॅप्टननी 'चेन्नई रॅप' नावाचा आयटम केला. गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या लुंग्या, रात्रीच्या वेळी काळे गॉगल, गळ्यात जाड पिवळ्या साखळ्या, डोक्यावर उलट्या टोप्या. हात हवेत फेकत त्यांनी पाच मिनिटं धुमाकूळ घातला. शब्द निम्मे तमिळ होते आणि निम्म्यांना अर्थच नव्हता. चाल मात्र पक्की होती. एकानं ती मोबाईलवरच्या कुठल्याशा क्लिपमधून उचलली होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, बडा खाना म्हणजे अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात तो दिवस. त्या दिवशी सगळ्यांनी मोकळं व्हायचं असतं. शामियान्यात हशा पिकला आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. कार्यक्रमांची यादी मंजुरीला माझ्याकडेच आली होती आणि सही माझीच होती, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परंगीमलैहून, म्हणजे सेंट थॉमस माउंटहून, शहरात निघालो होतो. माझ्या गाडीवरचा हवालदार चेन्नईचाच, उत्तरेकडच्या व्यासरपाडीचा. मी विचारलं, "काल मजा आली ना?" तो म्हणाला, "आली साहेब." मग सैदापेटचा पूल येईपर्यंत गप्प होता. पुलावर म्हणाला, "साहेब, ती चाल आमच्याकडे मयताला म्हणतात. वडील गेले तेव्हा म्हटली होती."

हे तो हिंदीत बोलला. त्याची हिंदी जशी होती तशी मी इथं लिहीत नाही. लिहिली तर तुम्हाला हसू येईल, आणि आजचा विषय नेमका तोच आहे.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रात्री टाळ्या त्यानंही वाजवल्या होत्या. पण कॅप्टनच्या आयटमला हवालदार टाळी वाजवतो, यावरून त्याला काय वाटलं हे कळत नाही. हे मला वीस-बावीस वर्षांच्या नोकरीनंतर तरी माहीत असायला हवं होतं.

मग मी थोडी विचारपूस केली, थोडं वाचलं. 'गाना' हा शब्द आपल्याला हिंदी वाटतो, पण चेन्नईत ते एका गायनप्रकाराचं नाव आहे. उत्तर चेन्नई म्हणजे बंदर, रॉयपुरम, कासिमेडूचे मच्छीमार, पेरंबूरच्या बंद पडलेल्या बिन्नी मिल, आणि या सगळ्यांत राबणाऱ्यांच्या, बहुतांशी दलितांच्या वस्त्या. आपलं लालबाग-परळ डोळ्यांसमोर आणा. त्या गिरणगावानं जसे शाहीर दिले, तसा या वस्त्यांनी गाना दिला. मयताच्या घरी रात्र जागवताना म्हणतात तो 'मरण गाना'. आपल्या गावाकडे मयतापुढे भजनी मंडळ बसतं, तसं इथं गाणारा बसतो. ढोलकी नसेल तर हाताला लागेल त्यावर ताल धरतो आणि गेलेल्या माणसाबद्दल गातो. त्यात रडणं असतं, थट्टाही असते. भाषा मद्रासची बोली. 'गलीज' आणि 'बेजार' हे शब्द तिथं ऐकले तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

तमिळ सिनेमानं या बोलीचं वर्षानुवर्षं काय केलं? ती टपोरीच्या, दारुड्याच्या आणि विनोदी नटाच्या तोंडी घातली. नव्वदीच्या दशकात संगीतकार देवा यांनी गाना मोठ्या पडद्यावर लोकप्रिय केला, पुढे गाना उलगनाथन, गाना बाला असे या मातीतले गायकही सिनेमात आले. तरी बाकीच्या शहराच्या लेखी हे गाणं बराच काळ 'तिकडच्या लोकांचं' राहिलं. आमच्या कॅप्टनना चाल मिळाली ती अशा वाटेनं. मूळ माणूस वाटेतच गळून गेला होता.

आता माझा स्वतःचा हिशेब. १९९४ साली शंकरचा 'कादलन' आला. हिंदीत 'हमसे है मुकाबला' म्हणून आपल्याकडे गाजला. ए. आर. रहमानच्या त्या संगीतात 'पेट्टा रॅप' नावाचं गाणं होतं, सुरेश पीटर्स, शाहुल हमीद आणि लोकगायिका तेनी कुंजरम्माळ यांनी गायलेलं. पेट्टै म्हणजे वस्ती, पेठच म्हणा. शब्दात वस्तीतल्या घरातली टंचाई होती. पुढे मी खडकवासल्याला कॅडेट झालो, तेव्हा आमच्या स्क्वाड्रनच्या एका कार्यक्रमात मी त्याच गाण्यावर 'मद्रासी रॅप' केला होता. उशीचा अभ्रा डोक्याला बांधून, एकही शब्द न समजता. तेव्हाही टाळ्या पडल्या. आमच्यात तीन-चार तमिळ कॅडेट होते. ते हसले की नाही हे मला आठवत नाही, कारण मी पाहिलंच नाही.

रॅपमध्ये खरं-खोटं हा वाद पहिल्यापासून आहे. ही कला ज्या संध्याकाळपासून मोजतात ती ११ ऑगस्ट १९७३ ची. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डीजे कूल हर्कनं बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. गरीब, काळ्या आणि लॅटिनो पोरांची ही कला. वाद्यं आणि शिक्षक परवडत नव्हते, म्हणून दोन टर्नटेबल आणि स्वतःचं तोंड. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून 'मी कुठला आणि मी काय पाहिलं' हेच त्यांचं भांडवल झालं. त्यामुळे तिथं खोटेपणा फार लवकर पकडला जातो. १९९० मध्ये व्हॅनिला आइसचं 'आइस आइस बेबी' अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि मग त्याच्या नावानं पसरलेली रस्त्यावरच्या आयुष्याची कहाणी बरीचशी रंगवलेली निघाली. त्याची रया गेली ती कायमची. आपल्याकडे १९९२ मध्ये बाबा सेहगलनं त्याच गाण्यावरून 'ठंडा ठंडा पानी' केलं. पण तो मी ब्रॉन्क्सचा असं म्हणत नव्हता. गंमत करतोय हे उघड सांगत होता, आणि गंमतीचा रोख बराचसा स्वतःवरच होता. म्हणून त्याचा राग कुणाला आला नाही.

मग असा प्रश्न येतो की ज्याची वस्ती त्यानंच गावं का? काही जण असं म्हणतात. मला ते पटत नाही, आणि याचं कारण माझा पेशा आहे.

मराठा लाइट इन्फंट्रीत जाऊन बघा. पंजाबचा, केरळचा, मणिपूरचा पोरगा तिथं अधिकारी म्हणून येतो आणि जवानांची भाषा शिकतो. सुरुवातीला मराठी बोलताना त्याची जीभ अडखळते. वर्षभरानं तोच 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी ललकारी देतो आणि साताऱ्या-कोल्हापूरची पोरं त्याच्यामागे धावतात. त्याला कुणी नकलाकार म्हणत नाही. मद्रास रेजिमेंटमध्ये मराठी अधिकारी 'वीर मद्रासी, अडी कोल्लू' म्हणतो, तेही खरंच असतं. तो बाहेरचा असतो, पण ज्या चढावर तो जवानांना नेतो तो चढ स्वतः आधी चढतो. एमिनेमला डेट्रॉइटमध्ये मान मिळाला तो असाच. गोरा होता, पण त्यानं दुसऱ्याची कहाणी अंगावर घातली नाही. स्वतःची गरिबी सांगितली आणि त्याच आखाड्यात, त्याच नियमांनी उतरला.

इथल्या पोरांनीही तेच केलं. तमिळ रॅप मलेशियाच्या योगी बी यांच्यासारख्यांकडून आला, ब्रॉन्क्सहून तर आलाच. म्हणजे सगळी उसनवारीच. पण जानेवारी २०१८ मध्ये किलपॉकच्या मैदानावर 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा रॅप आणि गाना शेजारीशेजारी उभे होते. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी ही पोरं जमवली. बँडचं नाव अयोत्ती दास यांच्या विचारातून घेतलं. शंभर वर्षांपूर्वीचे हे तमिळ विचारवंत 'जात नसलेले तमिळ' असा शब्द वापरत. अमेरिकेतून आलेल्या ढंगाला स्वतःचं सांगण्यासारखं काही मिळालं की तो उसना राहत नाही.

त्याच बँडमधला अरिवू. अरक्कोणमचा, शिकलेला मुलगा. मार्च २०२१ मध्ये त्याचं आणि धी या गायिकेचं 'एन्जॉय एन्जामी' आलं, संगीत संतोष नारायणन यांचं. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबून परत आलेल्या अरिवूच्या आजी वल्लियम्माळ यांची आठवण त्या गाण्याच्या मुळाशी आहे. भारतभर लोक त्यावर नाचले. आमच्या मेसमध्येही नाचले, आणि मीही. भूमिहीन माणसाचं गाणं आहे हे नंतर कळलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर दुसरे दोन कलाकार झळकले, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी उघड आक्षेप घेतला, बराच गदारोळ झाला, मग मासिकानं अरिवूचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. जुलै २०२२ मध्ये इथल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनाला ते गाणं झालं तेव्हाही तो मंचावर नव्हता. त्यानं त्याचं म्हणणं मांडलं, संगीतकारांनी आणि गायिकेनं त्यांचं. श्रेयाचा निवाडा करणारा मी कोण? पण एवढं दिसतं की वस्तीचं गाणं सगळ्यांना हवं असतं, वस्तीतला माणूस सोबत येतोच असं नाही. मुंबईतही 'गली बॉय' २०१९ मध्ये आला आणि कुर्ला-अंधेरीच्या गल्ल्यांतली भाषा बघता बघता टी-शर्टवर आली. टी-शर्ट घालणाऱ्या किती जणांनी ती गल्ली पाहिली असेल?

विडंबनाला माझा विरोध नाही. तमाशातला सोंगाड्या पाटलाची टोपी उडवतो आणि पाटील समोर बसून हसतो. खडकवासल्याला आम्ही आमच्या ड्रिल उस्तादांच्या नकला त्यांच्यासमोर केल्या आहेत. दुसऱ्या दिवशी परेड ग्राउंडवर त्यांनी त्याची वसुली केली ती गोष्ट वेगळी. ती नक्कल खालून वर जात होती. शिवाय तिच्यात अभ्यास होता. उस्ताद कुठल्या अक्षरावर जोर देतात, रागावले की पट्टा कसा सारखा करतात, हे आम्हाला रोज भोगून माहीत होतं. 'चेन्नई रॅप' वरून खाली आला होता आणि अभ्यास काडीचा नव्हता. लुंगी, गॉगल, साखळी. बाजारातून फौजी जॅकेट घेऊन कुणी छातीवर रिबन लावून फिरलं तर आम्हा फौजी लोकांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती रिबन कशी मिळते हे आम्हाला माहीत असतं. दुसऱ्याच्या कमाईच्या खुणा लावून फिरताना मात्र आम्हाला काही वाटत नाही.

म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी ठेवली आहे. ज्याची नक्कल करायची तो माणूस पहिल्या रांगेत बसला आहे, त्याला उठून जायची मोकळीक आहे, आणि कार्यक्रम संपल्यावर तो तुम्हाला बरोबरीनं बोलू शकतो, असं समजा. तरीही आयटम करावासा वाटला तर करा. बड्या खान्याला माझा हवालदार बसला होता, पण या तीनपैकी एकही गोष्ट त्याच्याकडे नव्हती.

दोन्ही कॅप्टनना मी बोलावलं. रागावलो नाही, कारण सही माझी होती. ती चाल कशाची आहे एवढंच सांगितलं. एकाचा चेहरा पडला. त्याची आजी महिन्याभरापूर्वीच गेली होती. संध्याकाळी दोघं न सांगता हवालदाराला भेटून आले, असं मला सुभेदार साहेबांकडून कळलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

पोंगलच्या कार्यक्रमाआधी हवालदार माझ्याकडे आला. जवानांना एक आयटम करायचा आहे, परवानगी हवी, म्हणाला. कशावर, विचारलं तर नुसता हसला. मी सही केली.

आयटम असा होता: एक मराठी साहेब चेन्नईत पोस्टिंगवर येतो आणि तमिळ बोलायला शिकतो. भाजीवाल्या बाईशी बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ना' लावतो, 'वळवळणारा' तमिळ 'ழ' म्हणताना खोकला आल्यासारखा थांबतो, आणि काही अडलं की कपाळाला हात लावून 'अरे देवा' म्हणतो. साहेबाचं काम हवालदारानं स्वतः केलं होतं. दीड वर्ष माझ्यासोबत गाडीत बसून केलेला अभ्यास होता तो. मी पहिल्या रांगेत होतो. 'अरे देवा'ला अख्खा शामियाना माझ्याकडे वळून बघत होता आणि त्याच क्षणी माझा हात कपाळावर होता.