वाटा कोणाचा आणि कशाचा?

सैन्यभरतीत आपल्या तालुक्याला जादा वाटा हवा असे म्हणताना मावळात हटकून छत्रपतींच्या मावळ्यांची साक्ष काढली जाते. ही साक्ष घातक आहे. कुळाच्या पराक्रमावर भरती ठरविणारा ‘लढाऊ जातीं’चा सिद्धांत ब्रिटिशांचा. त्याच सिद्धांताने महारांना पलटणीची दारे बंद केली. ती उघडावीत म्हणून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांना १९१० साली सरकारकडे अर्ज करावा लागला. आज राज्याचा वाटा भरतीयोग्य पुरुषसंख्येवर, म्हणजे एकूण पुरुषांच्या १० टक्क्यांवर, ठरतो. हे तत्त्व न्याय्यच आहे. पण वाटा कशातला? २०१९-२० मध्ये भूदलात ८० हजारांवर जवान घेतले गेले. पुढील दोन वर्षे भरतीच नाही. २०२२ साली ‘अग्निपथ’ आली ती भूदलाच्या ४० हजार जागा घेऊन. मुदत चार वर्षे, आणि कायम होणार चौघांत फार तर एक! मग लोणावळ्याच्या तरुणाने खेडच्या तरुणाशी भांडून मिळवायचे काय? पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरांपुढे कार्यकर्त्यांनी हा हिशेब मांडावा, आणि दोन्ही तालुक्यांनी मिळून दिल्लीकडे एकच मागणी करावी: चार वर्षांची अट रद्द करा, कायम भरती पूर्ववत सुरू करा.