विश्लेषण : नागपुरात चालणारा कूलर मुंबईत का हरतो?

एप्रिल उजाडला की विदर्भात कूलर माळ्यावरून खाली उतरतात, वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात आणि ४४ अंशांतही खोली झोपण्याजोगी होते. तोच कूलर मुंबई-ठाण्यात ३४ अंशांत लावला तर अंग चिकचिकते. दोष यंत्राचा नाही, हवेतील ओलाव्याचा आहे.

कूलर नेमके काय करतो?

एसीप्रमाणे तो उष्णता खोलीबाहेर फेकत नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. ती हवेतूनच घेतली जाते. हवा गार होते, पण ओलसरही होते. या मार्गाने ती जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते, ते ‘वेट बल्ब’ तापमान. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून ते मोजतात.

नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हे तापमान २३ अंशांच्या आसपास येते. चांगला कूलर त्यामुळे २७-२८ अंशांची हवा देतो. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ते २९ अंशांच्या वर असते. कूलरमधून येणारी हवा तिथे ३० अंशांची आणि ओलीचिंब.

खिडकी बंद ठेवली तर?

खोलीतील हवा पूर्ण एकजीव मिसळलेली आहे असे धरून उष्णता आणि वाफेची आवक-जावक मांडायची, हे अभियंत्यांचे सर्वांत सोपे प्रारूप. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत जेमतेम ३७-३८ किलो हवा मावते. नागपूरची कोरडी हवा असली तरी ती ओलाव्याने भरायला ४०० ग्रॅमच्या आसपास पाणी पुरते. म्हणजे दोन पेले! प्रत्यक्षात हवा इतकी एकजीव नसते, कोपरे गरमच राहतात. पण निष्कर्ष बदलत नाही. काही मिनिटांत कूलर तीच दमट हवा फिरवू लागतो आणि भिंती, छत, माणसे उष्णता देतच राहतात. गारवा जाऊ नये म्हणून खिडक्या लावणे ही एसीची सवय. कूलर खिडकीत हवा आणि समोरची खिडकी उघडी हवी.

प्रश्न जिवाचा का?

शरीरही घाम वाळवूनच थंड होते. वेट बल्ब ३५ अंश ही सहनशक्तीची सैद्धांतिक मर्यादा २०१० मध्ये मांडली गेली. मात्र अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या २०२२ मधील प्रयोगांत दमट हवेत निरोगी तरुणांची मर्यादाही ३१ अंशांच्या आसपासच आढळली. मुंबईच्या उदाहरणातले २९ अंश त्यापासून फार दूर नाहीत. पत्र्याच्या बंद खोलीत छताचा ताप आणि माणसांचा घाम मिळून हा आकडा आणखी चढतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमानंतर १४ जणांचा मृत्यू झाला, तोही किनारपट्टीच्या दमट पट्ट्यातच. तरीही उष्णतेच्या लाटेची व्याख्या आजही मुख्यतः तापमानावरच बेतलेली आहे : मैदानी भागात किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७. हवामान विभाग ‘उष्ण व दमट’ असा वेगळा इशारा देतो. पण मोबाइलवर बहुतेकांची नजर जाते ती कमाल तापमानाकडेच.

कोकण किनाऱ्यावर दमट दिवशी कूलर लावायचाच असेल तर पाण्याचा पंप बंद ठेवून, खिडक्या उघडून नुसता पंखा चालवणे अधिक उपयोगी. मात्र पारा ४० अंशांपुढे गेला तर पंख्याचा भरवसाही धरू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.