विश्लेषण : दमेकऱ्यांना न्यूमोनियाचा धोका ‘कमी’? अचूक भाकिताचा सल्ला घातक का ठरू शकतो?

रुग्णालयात कोणाला दाखल करायचे, कर्ज कोणाला द्यायचे, अशा निर्णयांत आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित भाकीत-प्रारूपे वापरली जाऊ लागली आहेत. ती किती टक्के अचूक, याचीच चर्चा जास्त होते. मात्र भाकीत अचूक असले तरी त्यावरून घेतलेला निर्णय जिवावर बेतू शकतो, हे अमेरिकेत १९९०च्या दशकातच दिसले होते.

प्रकरण काय?

न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाच्या जिवाला धोका अधिक, हे आधी कळले तर त्याला दाखल करायचे आणि बाकीच्यांना औषधे देऊन घरी पाठवायचे, असा तो प्रकल्प होता. सुमारे १४ हजार रुग्णांच्या नोंदींवर वेगवेगळी प्रारूपे तपासली गेली. कार्नेगी मेलन विद्यापीठात तेव्हा संशोधक विद्यार्थी असलेल्या रिच करुआना यांचे न्यूरल नेटवर्क त्यात सरस ठरले. पण त्याच नोंदींवर चालवलेल्या, नियम उघडपणे मांडणाऱ्या दुसऱ्या प्रारूपाने एक विचित्र नियम शोधला : दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनिया झाल्यास मृत्यूचा धोका कमी!

डॉक्टरांच्या दृष्टीने हे उलटेच होते. तरीही नोंदी खोट्या नव्हत्या. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की त्याला तातडीने दाखल केले जाई, अनेकदा थेट अतिदक्षता विभागात. श्वासाचा त्रास ओळखीचा असल्याने असे रुग्ण लवकर येण्याचीही शक्यता असते. उपचार वेळेत आणि कसून झाल्याने त्यांच्यातील मृत्यू कमी होते. जीव वाचवला तो उपचारांनी. नोंदींत श्रेय मिळाले दम्याला.

मग चूक कुठे?

गणितात नाही, प्रश्नात. ‘आजच्या पद्धतीने उपचार झाले तर कोण वाचेल?’ या प्रश्नाचे प्रारूपाने दिलेले उत्तर बरोबरच होते. रुग्णालयाला हवे होते ते वेगळेच : ‘या रुग्णाला घरी पाठवले तर तो वाचेल का?’ प्रारूपाचे ऐकून दमेकऱ्यांना घरी पाठवले असते, तर ज्या उपचारांमुळे धोका कमी दिसत होता, तेच काढून घेतले गेले असते. रस्त्यावर छत्र्या दिसल्या की पाऊस असणार, हा अंदाज बहुधा खरा ठरतो. पण छत्र्या मिटल्याने पाऊस थांबत नाही.

दम्याचा रकाना काढून टाकला तर?

तेवढ्याने भागत नाही. तीच माहिती घरघर, जुनी औषधे अशा इतर नोंदींतून मागच्या दाराने आत येऊ शकते. शिवाय आणखी काय चुकीचे शिकले गेले आहे, हे न्यूरल नेटवर्क सांगत नाही. म्हणून ते रुग्णांसाठी वापरले गेले नाही. कमी अचूक, पण समजणारे प्रारूप निवडले गेले. हा निर्णय धाडसाचाच म्हणावा लागेल. पुढे २०१५ मध्ये करुआना आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक घटकाचा परिणाम स्वतंत्र आलेखात दाखवणारे प्रारूप त्याच नोंदींवर चालवले. तेव्हा दम्यासारखाच प्रकार हृदयविकार आणि छातीतील दुखण्याबाबतही आढळला. कोणी शोधलेच नसते तर हे कळलेही नसते.

खात्री कशी करायची?

औषधांबाबत चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडतात आणि तुलना करतात. इथे तो मार्ग बंद आहे. प्रयोगासाठी दमेकऱ्याला विनाउपचार घरी पाठवणे कोणती नैतिक समिती मान्य करेल? उरतो तो किचकट मार्ग : नोंद कधी झाली, त्यानंतर कोणता उपचार मिळाला आणि तो कोणाच्या निर्णयाने, हे उपचार करणाऱ्यांना विचारत बसणे.

प्रारूप एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना तर हे अधिकच गरजेचे ठरते. कारण ते आजाराइतकेच मूळ रुग्णालयांच्या सवयीही शिकलेले असते. जिथे दमेकऱ्याला अतिदक्षता विभागात खाट मिळेलच याची शाश्वती नाही, अशा ग्रामीण रुग्णालयात ‘धोका कमी’ हे भाकीत भाकीत म्हणूनही टिकणार नाही.